पाच पदकांचा मानकरी

"पुन्हा एकदा," नीळकंठराव रशियनमध्ये म्हणाले. "मिगमध्ये बसल्यावर आधी काय तपासायचं?"

अर्कादींनी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "इंधन?"

"ऑक्सिजन, अहो. इंधन नंतर."

"ऑक्सिजन," अर्कादी आज्ञाधारकपणे म्हणाले.

मुलाखत उद्यावर आली होती आणि नीळकंठरावांना घास गिळवत नव्हता. खरं तर मुलाखत अर्कादींची होती. पण नवरीपेक्षा करवलीचीच धांदल जास्त, तशी गत झाली होती.

नीळकंठराव उइटहॉर्न या डच गावात लेकीकडे, उत्तराकडे, तीन महिन्यांसाठी आले होते. आल्या आल्याच राजाचा वाढदिवस पडला. त्या दिवशी इथे अख्खा गाव नारिंगी कपडे घालून घरातलं जुनंपानं रस्त्यावर विकायला बसतो. एका चादरीवर बंद पडलेली घड्याळं, चिनी मातीची कुत्री, मासे धरायचा गळ आणि त्यातच एका पट्टीवर लावलेली पाच सोव्हिएत पदकं त्यांना दिसली. चादरीमागे एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ बसले होते.

नीळकंठरावांच्या काळजात चर्र झालं. नाशिकजवळच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं रशियन तज्ज्ञांबरोबर काढली होती. अशी पदकं कशी मिळतात, हे त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तीस वर्षं गंजत पडलेली रशियन भाषा भडाभडा बाहेर आली.

"तुम्ही ही विकताय? वैमानिक ना तुम्ही?"

गृहस्थ जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"तुमच्याकडे तर पदकवाल्याला दरमहा मानधन असायचं. ट्राम फुकट, दुकानात रांग नाही. आणि तुम्ही ती कुत्र्यांशेजारी मांडून बसलात?"

"मानधन," अर्कादींनी विचारलं, "अजून मिळतं?"

मग त्यांनी पदकं हळूच उचलून खिशात घातली. माणसावर काय पाळी येते, असं नीळकंठरावांच्या मनात आलं.

पेन्शनीतल्या माणसाला सवलतींचा वास लांबून लागतो. हेगमध्ये एक लहानशी संस्था होती. इकडे स्थायिक झालेल्या, पदकं मिळवलेल्या जुन्या सोव्हिएत सैनिकांना ती दरमहा मानधन द्यायची आणि देशभर फिरायला रेल्वेचा पास. कागदपत्रं गहाळ झाली असतील तर मुलाखत घ्यायची. नीळकंठरावांनी ती शोधून काढली आणि पास म्हटल्यावर अर्कादींचा चेहरा उजळला. त्यांची मुलगी वर ग्रोनिंगनला होती. तिकीट परवडत नव्हतं, म्हणून दोन वर्षांच्या नातीला त्यांनी अजून कडेवर घेतलं नव्हतं.

झालं, नीळकंठरावांनी कंबर कसली. रोज सकाळी अर्कादी यायचे आणि मिगची उजळणी चालायची. वयोमानाने ते बरंच विसरले होते. नीळकंठराव एकेक गोष्ट आठवून द्यायचे.

"बाबा, जरा त्यांनाही बोलू द्या की," उत्तरा एकदा म्हणाली.

"अगं, बोलतात ते. आठवायला वेळ लागतो इतकंच."

एका रविवारी तिने अर्कादींना जेवायला बोलावलं. भाकरीबरोबर त्यांनी ठेचा खाल्ला आणि डोळ्यांना धारा लागल्या. तेव्हा नीळकंठरावांनी आपला ठेवणीतला किस्सा काढला. कारखान्यातला दत्ता फिटर कॉकपिटमध्येच डबा खायचा. एकदा त्याची ठेच्याची बरणी तिथेच राहिली. विमान वर गेल्यावर ती फुटली, ठेचा गरम हवेच्या नळीवर सांडला आणि असा खकाणा उठला की वैमानिकाने ठसकत, डोळे चोळत कसंबसं विमान खाली आणलं. पुढे महिनाभर सगळे दत्ताला "बॉम्बवाला" म्हणत होते.

अर्कादी पोट धरधरून हसले. "पुन्हा सांगा," म्हणाले. नीळकंठरावांनी पुन्हा सांगितलं. असा श्रोता भाग्यानेच मिळतो.

मुलाखतीच्या दिवशी हेगमधल्या संस्थेच्या खोलीत अर्कादी कोट घालून ताठ बसले होते, छातीवर पाचही पदकं. नीळकंठरावांना मागे कोपऱ्यात खुर्ची मिळाली होती, मधे बोलायचं नाही या अटीवर. समोरच्या बाई रशियनमध्ये विचारू लागल्या. बसल्यावर आधी काय तपासायचं? ऑक्सिजन. उतरताना वेग? बरोबर. चाकं कधी सोडायची? तेही बरोबर. प्रत्येक उत्तराला नीळकंठराव खुर्चीतल्या खुर्चीत उसळत होते. स्वतःच्या बढतीलाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

बाईंनी वही मिटली. "शेवटचा प्रश्न. हे मोठं पदक कशासाठी मिळालं?"

नीळकंठराव निर्धास्तपणे मागे टेकले. याची उजळणी त्यांनी घेतली नव्हती, मुद्दामच. सैनिकाच्या जखमेवरची खपली आपण कशाला काढायची? ज्याचं त्याला पाठ असतं.

अर्कादींनी मोठ्या पदकावर बोट ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अफगाणिस्तान. खाली नुसते डोंगर. मी एकटा. एकदम डोळ्यांपुढे अंधार आला. एक काटा दिसेना. म्हटलं, मेलो तरी चालेल, पण विमान पडू द्यायचं नाही. आंधळ्यासारखं चाचपडत उतरवलं."

बाई पुढे झुकल्या. नीळकंठरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. अशा माणसाला आपण महिनाभर ऑक्सिजन शिकवत बसलो, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"अंधार कशामुळे? शत्रूचा मारा?"

"नाही. आसनाखाली एक बरणी फुटली होती."

"बरणी? काय होतं तिच्यात?"

अर्कादींनी वळून कोपऱ्याकडे पाहिलं, शिक्षकाकडे हुशार विद्यार्थी पाहतो तसं. मग छाती पुढे काढून ते बाईंना म्हणाले,

"ठेचा."