सैल झाकण

हिरड्यांतले जंतू हवा लागली की मरतात, म्हणून ते वाढवायची थाळी हवाबंद डब्यात ठेवायची, हे चंद्रपूरच्या लॅबमधल्या नाहीदला तोंडपाठ होतं. तरी त्या दिवशी एसटी गाठायच्या घाईत तिच्याकडून झाकण सैल राहिलं. दोन दिवसांनी उघडून बघते तर जंतूंवर ठेवलेल्या औषधाच्या टिकलीभोवतीच काय, पार कडेपर्यंत थाळी कोरी. जंतू औषधानं नव्हे, हवेनं मेले होते. नमुना पुन्हा मागवला तर डॉक्टर कारण विचारतील, म्हणून तिनं लिहून टाकलं, ‘औषध लागू पडतं.’ ज्यांचा नमुना होता त्या वच्छलाबाई महिन्यानं पोंभुर्ण्याहून आल्या, पदराच्या गाठीत पडलेले दोन दात घेऊन. “गोळ्या त सप्पा घेतल्या, पोरी,” त्या ओशाळून म्हणाल्या. “मार्कंड्याच्या जत्रेत तेवढी एक चुकली. त्याच्यानंच पडले असतीन, नाई का?” नाहीदनं डब्याचं झाकण घट्ट आवळलं. “हो, बाई. गोळी चुकवाची नसते.”