हाजीचाचांची पायरी

फोनवरून पैसे द्यायला तनुजानं श्रेयाचा हात सोडला. बांगड्यांचा पुडा पिशवीत टाकून हात परत खाली नेला, तर तिथं श्रेया नव्हती.

"श्रेया," तिनं हाक मारली. फार मोठ्यानं नाही. गुलमंडीच्या बाजारात लग्नसराईची गर्दी होती. समोरच्याच दुकानात भावाच्या लग्नाचा बस्ता चालला होता. माहेरची सगळी माणसं गादीवर साड्या उलगडून बसली होती. त्यांना हाक मारावी असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, घाबरायचं कारण नाही. श्रेयाला माहीत आहे.

पुण्याच्या घरात रोज झोपताना तिला हीच गोष्ट लागायची. आई लहानपणी गुलमंडीत हरवली त्याची. वळणावर फोटो स्टुडिओ, काचेमागं नवरानवरीचे हातानं रंगवलेले फोटो. पुढं खारीची भट्टी, ती वासावरूनच कळते. भट्टीला लागून हाजीचाचांचं सोड्याचं दुकान आणि त्याची तांबड्या दगडाची रुंद पायरी. हात सुटला की त्या पायरीवर जाऊन बसायचं. फिरायचं नाही, रडायचं नाही. वाट सापडली नाही तर कुणालाही विचारायचं, सगळे सांगतात. नानासाहेबांनी, तनुजाच्या वडिलांनी, तिला हेच शिकवलं होतं; आणि ती तशीच बसली होती, चाचांनी दिलेली गोटीची बाटली दोन्ही हातांत धरून, वडील येईपर्यंत. श्रेयाला सगळं पाठ होतं. काल येताना गाडीतसुद्धा तिनं घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

तनुजा भराभर वळणापाशी आली.

फोटो स्टुडिओ नव्हता. काचेमागं कपडे घातलेले पुतळे होते, काहींना डोकीच नव्हती. असेल पुढं, ती स्वतःला म्हणाली. लग्नानंतर माहेरी यायची ती उस्मानपुऱ्यातल्या घरी. दोन दिवस राहून परत. गुलमंडीत पाऊलच पडलं नव्हतं. वास घेत ती चालत राहिली. वास आला तो नव्या प्लॅस्टिकचा. रस्ता रुंद झाला होता. दोन्ही बाजूंची दुकानं पुढून कापल्यासारखी सपाट, आणि त्यांना चिकटून मोटारसायकली. भट्टी नाही. पायरी नाही. एकाही दुकानाला पायरी नव्हती.

ती तिथंच थांबली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तो तिला ऐकू आला नाही.

नसलेल्या जागी पाठवलं होतं तिनं आपल्या पोरीला. आणि वर सांगितलं होतं, कुणालाही विचार.

कुणालाही. चल बेटा, दाखवतो, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो. श्रेया बोट धरून निघेल. ओरडणार नाही, रडणार नाही. तिला तसंच शिकवलंय.

फोन मुठीत धरूनच तनुजा चौकापर्यंत धावली, तशीच परत आली. रस्त्याच्या कडेला पोत्यावर एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती.

"मावशी, इथं हाजीचाचांचं सोड्याचं दुकान..." तनुजानं विचारलं.

म्हातारीनं फडक्यानं पेरू पुसता पुसता वर पाहिलं. "आज समद्यांला हाजीचाचाच कसे याद आले म्हणायचे? आत्ता एक पोरगी बी तेच इचारत व्हती."

"कुठं गेली ती?"

"म्या सांगितलं, बाई, चाचा गेले, दुकान बी गेलं, लई वर्षं झाली. ऐकायलाच तयार नाय. म्हणती, आईनं सांगितलंय म्हंजे हाय."

"मावशी, गेली कुठं?"

"एक जण म्हणला, चल, मी दाखवतो. ती निघालीच व्हती त्याच्या मागं." म्हातारीनं पेरू पाटीत ठेवला. "म्या वरडले त्याच्यावर. म्हणलं, वळख ना पाळख, ही वच्छलाबाई बसलीय तोवर लेकरू हलायचं नाय इथून. गेला मुकाट. तुमचंच का ते? फोन बरा सुटत नाय हातातून."

तिनं हनुवटीनंच दाखवलं. मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानापुढं, दोन मोटारसायकलींच्या मधल्या जागेत, श्रेया जमिनीवर मांडी घालून बसली होती. ताठ. तनुजा येताना आणि जाताना तिच्या पुढ्यातून गेली होती. तनुजाची नजर पायरी शोधत होती.

तनुजा तिच्याशेजारी खालीच बसली. बाजूचा सायलेन्सर पोटरीला चटकला, तरी तिनं पाय हलवला नाही.

"मी रडले नाही," श्रेया म्हणाली. "पण आई, पायरीच नाहीये."

"होती."

"तू आहे म्हणाली होतीस."

तनुजानं तिचं मनगट धरलं होतं, फार घट्ट. श्रेयानं ते सोडवून घेतलं.

"मग आता हरवले तर कुठं बसू?"

तनुजानं वर पाहिलं. ते बघ, त्या तिथं, असं म्हणायला तिनं हात उचलला. समोर सेलचे फलक होते, फ्लेक्स होते. एका बंद शटरवर भाड्यानं देण्याची पाटी होती, नंबरासह. हात तसाच राहिला. मग ती वच्छलाबाईकडं वळली.

"मावशी, तुम्ही रोज इथंच असता ना?"

"असते की," वच्छलाबाई म्हणाली. "अतिक्रमणवाल्यांची गाडी येईस्तोवर."

श्रेया उठली, पोत्याच्या कडेवर जाऊन तिनं बसून पाहिलं. वच्छलाबाईनं पाटी जराशी सरकवली.