आजोबांची सरासरी

पट्टी तिसऱ्यांदा जमिनीवर आपटली तेव्हा आजोबा शांतपणे म्हणाले, "गुळगुळीत आहे. दुसरी आण."

नातीने दुसरी आणली, लाकडी. आजोबांनी बाही वर सारली, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि अंगठा नि तर्जनी चिमटीसारखी उघडी धरली. तिने पट्टी बरोबर त्या चिमटीच्या मध्ये उभी लटकवली आणि न सांगता सोडून दिली.

तीही खालीच गेली.

"लिही," आजोबा म्हणाले. "बघतेस काय?"

प्रयोग अगदी सोपा होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंकडे सोप्या प्रकल्पांची एक यादी होती. लिंबावर चालणारं घड्याळ, अंधारात वाढवलेलं कडधान्य, साबणाच्या थेंबावर पळणारी कागदी होडी. तिला होडी हवी होती. पण बाई म्हणाल्या, "तू पट्टीचा कर." सोडलेली पट्टी चिमटीत पकडायची. जितकी कमी घसरेल, तितका हात चपळ. प्रत्येकाच्या दहा फेऱ्या घ्यायच्या आणि सरासरी काढायची.

तिची स्वतःची सरासरी पंधरा सेंटिमीटर आली. आई दवाखान्यात नर्स, तिची सोळा. बाबांची एकोणीस. शेजारच्या शिंपीणकाकूंची तेरा, तीही तोंडाची टकळी चालू असताना. आजोबांनी दहापैकी तीनदा पट्टी पकडली, ती अगदी शेवटच्या टोकाला, सरासरी एकोणतीस. उरलेल्या सात वेळा ती जमिनीवर.

आजोबांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. एवढ्या वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही, हे ते कुणी न विचारता सांगत. नातीला प्रत्येक गोष्ट तपासून बघायची खोड, म्हणून ते तिला 'चेकर' म्हणत. निवृत्त झाल्यापासून तिला आणि शिंपीणकाकूंच्या जुळ्या मुलींना रोज तेच आपल्या गाडीतून शाळेत सोडत. स्टिअरिंगमागे बसले की दहा वर्षांनी तरुण दिसत.

"उद्या परत घेऊ, चेकर," ते म्हणाले. "आज झोप नीट झाली नाही."

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन, चष्मा पुसून, ताठ बसून दहा फेऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने. आकडा जागचा हलायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळी आजोबा फिरायला गेले तेव्हा बाबांनी वही उघडून पाहिली.

"आजोबांचं नाव काढून टाक," ते म्हणाले. "प्रदर्शनाला चार माणसं पुष्कळ झाली."

आई कपड्यांच्या घड्या करत होती. "परवा फाटकाला गाडी घासली, तेव्हाच मी म्हणाले होते."

"फाटक अरुंद आहे."

"फाटक अरुंदच होतं. आधी कधी घासली नव्हती."

"मग सांग ना तू त्यांना."

"मी सून. तुम्ही मुलगा."

"मला गाडी त्यांनी शिकवली," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मी कुठल्या तोंडाने सांगू, की आता तुम्ही चालवू नका?"

नात वही घेऊन आपल्या खोलीत गेली. नाव काढायची गरजच नव्हती. एकोणतीसच्या जागी एकोणीस लिहिलं की झालं. दोनाचा एक करायला कितीसा वेळ लागतो? तिने तो केलाही. रकान्यात आकडा छान बसला. आजोबा आणि बाबा अगदी बरोबरीचे.

थोडा वेळ ती त्याकडे बघत राहिली. मग तिला गाडीत मागे बसून टाळ्यांचा खेळ खेळणाऱ्या जुळ्या डोळ्यांसमोर दिसल्या. तिने खोडरबर घेतलं. खरा आकडा लिहिला, पट्टी किती वेळा जमिनीवर गेली तेही लिहिलं, आणि खाली निष्कर्ष: 'वय वाढतं तसा हात उशिरा मिटतो. पायही उशिरा हलत असेल. म्हणजे ब्रेक उशिरा लागेल.'

सकाळी तिने वही सगळ्यांत आधी आजोबांनाच दाखवली. त्यांनी खिडकीशी उभं राहून ती दोनदा वाचली.

"ब्रेकचं वाक्य तुझं?"

"हो. खोडू का?"

"नको. अक्षर तेवढं सुधार."

मग त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली, स्वयंपाकघरात गेले आणि ती आईसमोर ओट्यावर ठेवली.

"सोमवारपासून मुलींना तू सोड. क्लच जरा सावकाश सोडायचा, गाडीला घाई केलेली खपत नाही."

बाबा लगबगीने उठले. "अहो, शाळेच्या एका प्रयोगावरून कुठे कुणी..."

"आकडा आहे तो," आजोबा म्हणाले. "त्याच्याशी काय वाद घालायचा? चहा टाका."

आईने चहा टाकला. बाबा बराच वेळ वहीची पानं उलटत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि मोकळंही, दोन्ही एकदमच.

सोमवारी आईने गाडी बाहेर काढली. आजोबा फाटकाशी उभे राहून हाताने 'अजून मागे, अजून' असं दाखवत होते. गाडी कुठेही न घासता रस्त्याला लागली.

मधल्या सुट्टीत नातीने वही बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी एकेक रकाना वाचला, निष्कर्षापाशी थांबल्या, आणि खाली सही केली.

"उत्तम झालाय," त्या म्हणाल्या.

"बाई, मग प्रदर्शनात माझं टेबल कुठे लावायचं?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "यंदा प्रदर्शन नाहीच गं, हॉलची दुरुस्ती चालली आहे. तुझे आजोबा गेल्या महिन्यात मला भेटायला आले, तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, नसू दे. पण हिला पट्टीचाच प्रयोग द्या, ही खोटा आकडा लिहायची नाही."