पंपवाल्यांचं पत्र

"खोटं. परत सांग," ब्रिटा म्हणाली.

गॅरिकने कपाळ चोळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला तो, इस्त्रीच्या शर्टात. समोर त्याची धाकटी बहीण, टायरच्या दुकानाच्या गणवेशावर बापाचा जुना टाय बांधून, नखांत काळं. उद्या सकाळी नऊला मेडिकल कॉलेजात त्याची खरी मुलाखत होती. आज रविवारी दुपारी ही खोटी. आईनेच ठरवलं होतं. "तुझ्याइतकं खोचून त्याला कुणी विचारणार नाही," असं ब्रिटाला सांगून ती केक घेऊन चर्चमध्ये गेली होती. आपला पोरगा डॉक्टर होणार, हे तिथे तिने वर्षभर सगळ्यांना ऐकवलं होतं.

"मिस्टर हाउगेन," ब्रिटाने आवाज जाड केला, "डॉक्टर व्हायचं होतं, तर चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग कशाला केलंत? बाकीची पोरं मेडिकलच्या आधी जीवशास्त्राची पदवी घेतात."

"सर, माणसाचं शरीर हे एक यंत्रच आहे."

"मी मॅडम आहे."

"मॅडम, हृदय म्हणजे पंप. रक्तवाहिन्या म्हणजे नळ्या."

"आणि तू म्हणजे पोपट. सगळं पाठ केलंयस."

याला डॉक्टर व्हायचंच नाहीये, असा ब्रिटाला तीन वर्षांपासून संशय होता. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्याच्या बॅगेत हाडांचं एखादं तरी पुस्तक असावं. याच्या बॅगेत स्क्रूंची कॅटलॉगं. पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीसुद्धा त्याने शाळेतल्या मार्कांवर माफ करून घेतली होती. इंजिनिअरिंगला ते चालतं, मेडिकलवाल्यांना चालत नाही. हे म्हणे त्याला तिसऱ्या वर्षी कळलं. मग अख्खा उन्हाळा अठरा वर्षांच्या पोरांसोबत बसून केमिस्ट्री केली. "लक्षातच आलं नाही गं," म्हणाला. कोण म्हणाला? तर जो माणूस दुधाला निघाला तरी डिकीतल्या स्टेपनीची हवा तपासतो, तो!

आणि आज सकाळी त्याच्या कोटात गाडीची किल्ली शोधताना तिला पत्र सापडलं.

तिने ते टेबलावर सरकवलं. "हे काय?"

गॅरिकचा चेहरा उतरला. "माझे खिसे तपासतेस तू?"

"किल्ली शोधत होते. विषय बदलू नकोस. पंपांच्या कंपनीत नोकरी. उत्तर सोमवारपर्यंत. म्हणजे उद्या. पत्राला तीन आठवडे झालेत आणि घरात कुणाला पत्ता नाही."

"हो म्हटलेलं नाहीये मी त्यांना."

"नाही पण म्हटलेलं नाहीयेस! घड्या बघ याच्या. फडक्यासारख्या मऊ झाल्यात. रोज काढून वाचतोस ना? तिकडे आई तुझ्या नावाने केक वाटतीये, आणि तू उद्या पंपवाल्यांकडे पळणार."

"तू कोण मला विचारणारी?" गॅरिक उसळला. "तू तर शाळाच सोडलीस!"

"प्रुइट सरांमुळे!" ब्रिटा एका दमात म्हणाली. "परीक्षा चार दिवसांवर, आणि सगळ्या वर्गासमोर मला ढ म्हणाले. मी गणिताचं पुस्तक फेकलं आणि निघाले. माझ्या जागी कुणीही निघालं असतं."

दोन वर्षं ती हेच सांगत होती. शेजाऱ्यांना, मैत्रिणींना, टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा. ऐकणारा दर वेळी मान हलवायचा.

गॅरिकने मान हलवली नाही. तो पत्राकडे बघत होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "नाहीतर आई आली की हे तिच्या हातात देते."

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं.

"मला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचंय," गॅरिक म्हणाला. "दुसरं काहीच नाही. म्हणूनच इंजिनिअरिंग घेतलं. नाही मिळाली मेडिकलला जागा, तर म्हणता यावं, की मी इंजिनिअरच होतो, मेडिकलचं तर सहज बघितलं करून." त्याने पत्र जवळ ओढलं. "केमिस्ट्रीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ब्रिटा. ती राहिली की अर्ज करावा लागणार नव्हता. अर्ज नाही, तर नापास पण नाही. ते पत्र वाचत नाही मी. खिशात हात घालून नुसतं चाचपतो. ते आहे ना, बघतो."

ब्रिटाने त्याच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही. हे पाठ केलेलं नव्हतं.

"हेच सांग उद्या," ती म्हणाली.

"उद्या नऊला जातो मी," तो म्हणाला. उठला आणि पत्र घेऊन फ्रीजपाशी गेला. "हे इथे लावतो. आईला दिसू दे. खिशात नको."

जागा करायला त्याने ब्रिटाच्या कामाच्या पाळ्यांचा कागद काढला. त्याच्याखाली एक फॉर्म होता, अर्ध्यात शाळा सोडलेल्यांसाठीच्या परीक्षेचा. आईने ऑगस्टमध्ये लावलेला. त्याच दिवशी ब्रिटाने त्याच्यावर पाळ्यांचा कागद लावला होता.

चुंबक हातात धरून गॅरिक फॉर्मकडे बघत राहिला.

"बघतोस काय?" ब्रिटा खेकसली.

"काही नाही."

तिने गळ्यातला टाय ओढून काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. मग टेबलाला वळसा घालून ती त्याच्या खुर्चीत बसली. काळी नखं टेबलाखाली लपवली.

"बांध तो," ती म्हणाली. "आणि मला विचार, शाळा का सोडली. पहिलं उत्तर खोटं असेल. परत विचार."