फुकट खाणारं झाड

वडील गेल्यावर पांडेलीसदादा अथेन्सची नोकरी सोडून एजिना बेटावर आमची पिस्त्याची बाग सांभाळायला आला. आल्याआल्या त्याने विहिरीजवळच्या झाडावर कुऱ्हाड उचलली, कारण त्याला कधीच फळ धरलं नव्हतं.

"हे म्हणजे अगदी आपले जावईबापू! पाणी पितं, उन्हात डोलतं, देत काही नाही."

बाळाला खांद्यावर थोपटत माझा नवरा म्हणाला, "दादा, तोडू नका. बागेत तेवढं एकच नर झाड आहे. त्याच्या परागाशिवाय बाकीच्यांत दाणा भरायचा नाही."

"घरात बसून पोर सांभाळणाऱ्याने मला नर कोण ते शिकवू नये!" म्हणत दादाने झाड आडवं केलं.

पुढच्या ऑगस्टात झाडं घोसांनी लगडली. दादाने मुद्दाम शेजाऱ्यांना बोलावलं, "बघा जावईबापू, बघा!" म्हणत टोपल्यामागून टोपल्या पाण्याच्या हौदात रिकाम्या केल्या. भरलेला पिस्ता बुडतो आणि पोकळ तरंगतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.



दादा दोन्ही हातांनी दाबून दाबून बुडवत होता, आणि पिस्ते पुन्हा पुन्हा वर येत होते.