समाधानकारक सेवा

आमच्या बेटाच्या आमदार शोनागबाई मॅकॲस्किल यांनी स्कॉटिश सरकारला लेखी प्रश्न विचारला: सारखी बंद पडणारी बोट बदलून नवी कधी देणार? त्या बोटीशिवाय इथून दवाखान्यातही जाता येत नाही. उत्तर देण्याआधी मंत्री डॅलग्लीश स्वतः पाहणीला आले. त्यांना धक्क्यावर उतरवून बोट बंद पडली.

उत्तर देण्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी मंत्री इथेच होते. शोनागबाईंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या नवऱ्याचा स्वेटर घालून, बटाट्याचं सूप पीत. मंत्र्यांच्या मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून एडिंबरोच्या कचेरीतून फोन आला तो शोनागबाईंच्या घरच्या फोनवर, तोही स्पीकरवर.

“साहेब, उत्तर तयार आहे. ‘बोटसेवा समाधानकारक असून नव्या बोटीची गरज नाही.’ पाठवू ना?”

मंत्र्यांनी चमचा खाली ठेवला. “बाई, दर वेळी असंच लिहितात हो. वाक्य ठरलेलं असतं.”

“मग ‘हो’ म्हणा की, मी कुठे अडवलंय?” शोनागबाई म्हणाल्या. “फक्त तो स्वेटर काढून ठेवा, आणि बोटीने घरी जा.”