टिल्लूचे बूट

“बाबांना दे ना फोन,” परदेशातून मुलगी म्हणाली, आणि मावशींनी हातोडी उचलून बुटाच्या टाचेवर ठोकायला सुरुवात केली.

“ऐकू येतंय? टाच बसवताहेत. आत्ता हाक मारली तर माझ्यावरच खेकसतील.”

“नको नको, करू दे काम. छातीत दुखत नाही ना आता?”

“छे गं. ठणठणीत आहेत.”

फोन ठेवून मावशींनी हातोडी खिळ्याला टांगली. समोर दुकानातला कारागीर मान खाली घालून चामडं कापत होता. त्यानं नेहमीसारखं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. बूटवाले बाबा, म्हणजे मावशींचे यजमान, गेल्या हिवाळ्यातच वारले होते. अंत्यविधीला सगळी मंडळी चर्चमध्ये लोटली होती. पत्ता नव्हता तो फक्त एकुलत्या एका मुलीला.

मावशींना काही खोटं बोलायची हौस नव्हती. मुलगी आणि जावई चर्चच्या वतीनं दूर देशात सेवेला गेलेले. रानाच्या कडेला एक दवाखाना, एक शाळा, आणि सगळा डोलारा या दोघांच्या डोक्यावर. चेहरा दिसेल एवढं नेटवर्क तिथं कुठलं. आवाज आला तरी खूप. बाबा गेले त्याच आठवड्यात मुलीचा छोटा टिल्लू ऑपरेशनसाठी तिथल्या मोठ्या शहरात दाखल होता. पोराचा डावा पाय जन्मापासून आखूड आणि आत वळलेला. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, असं मावशींनी ठरवलं. ऑपरेशन झालं. छान झालं म्हणाली मुलगी, पण आवाज पार बसलेला. सर्दी झालीय म्हणे. तेव्हा सांगवलं नाही. मग ते रोजच उद्यावर जात राहिलं.

“आता सांगून टाका, मावशी,” चर्चचे पाळक दर रविवारी म्हणत.

“सांगितलं तर सगळं टाकून धावत येईल हो ती. तिथल्या पेशंटांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मुलीनं ‘बाबा’ म्हटलं की तेवढ्यापुरते ते मागच्या खोलीत असायचे. तेवढं सुख मावशींना सोडवत नव्हतं.

मंडळी दर वर्षी या कुटुंबाला एक मोठं खोकं पाठवायची. टॉवेल, साबण, पेन्सिली, कुणी विणलेला नि हमखास एक बाही लांब झालेला स्वेटर, आणि सगळ्यात वर टिल्लूचे बूट. ते बाबांचं काम. मुलगी पोराला कागदावर उभं करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची आणि कागद टपालानं पाठवायची. बाबा त्यावरून पुठ्ठे कापायचे. डाव्या बुटाला आतून उंची आणि भर द्यायचे, पण बाहेरून दोन्ही बूट असे सारखे दिसायचे की कुणी पोराला चिडवू नये. “डावा रुसलाय,” ते म्हणायचे, “पण उजवा बघ, दर वर्षी बोटभर पुढं पळतोय.” जुने पुठ्ठे तारेत ओवून भिंतीला टांगलेले असत. यंदाचे बूट कारागीर शिवणार होता, बाबांच्यासारखीच शिलाई घालून.

कागद आला. मावशींनी तो उघडला आणि तशाच चपला अडकवून पाळकांकडे निघाल्या.

रविवारी उपासनेत पाळकांनी कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला. दोन्ही पाय सारखे. डावा उजव्याइतकाच, सरळसोट. सगळ्यांनी त्या डाव्या पायाकडे डोळे भरून पाहिलं. आयुष्यात कधी गाण्याला तोंड न उघडलेले निवृत्त मास्तरसुद्धा त्या दिवशी गायले, आणि बेसूर गायले. मावशींना देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभं केलं. हे बघायला तुम्ही हवे होतात हो, एवढंच त्या मनात म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मावशी दुकानात होत्या.

“आई, कागद मिळाला?”

“मिळाला. अख्ख्या मंडळीनं पाहिला.”

“आणि बाबांनी?”

“सगळ्यांच्या आधी त्यांनीच.”



“त्यांच्यासाठीच घाईनं पाठवला, आई. त्यांच्या कानावर वाईट काही घालायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना.”

“हो गं. बरं, टिल्लूला दे की जरा. किती दिवसांत आवाज ऐकला नाही.”

“अंगणात खेळतोय. आता हाक मारली तर यायचा नाही. हे ऐक.”

तिनं फोन खिडकीशी धरला असावा. शाळेतल्या पोरांचा गलका आला. मावशी त्यात टिल्लूचा आवाज शोधत राहिल्या. शोधता शोधता हात रिकामे कशाला, म्हणून त्यांनी फोन मानेत धरला, भिंतीवरचे गेल्या वर्षीचे पुठ्ठे काढले आणि कागद पाटावर पसरला. डाव्याचा पुठ्ठा आता काय कामाचा. तो बाजूला ठेवला. पोर यंदा किती वाढलं ते बघायला उजव्याचा पुठ्ठा उजव्या पायावर ठेवला.

पेन्सिलीची रेघ पुठ्ठ्याखाली दिसेनाशी झाली.

मावशींनी टाचेला टाच जुळवून पाहिली. पुन्हा पाहिली. टिल्लूचा चांगला पाय गेल्या वर्षीपेक्षा बोटभर लहान होता. कारागिराचा हात चामड्यावर थांबला.

“आई? ऐकतेस ना? काय म्हणाले बाबा?”

मावशींनी हातोडी काढली आणि पाटाच्या रिकाम्या कडेवर दोनदा ठोकली.

“जरा मोठेच करतो म्हणाले,” त्या म्हणाल्या. “अजून वाढायचंय त्याला.”